टाळेबंदीतील प्रवासबदल व हवेची गुणवत्ता (कोल्हापूर जिल्हा)

कोविड-१९ महामारीच्या काळात कोल्हापूर शहर, पन्हाळा व त्यांच्या परिसरातील लोकांच्या रोजच्या प्रवासात झालेले बदल आणि त्यांचा हवेच्या गुणवत्तेशी असलेला संबंध हा या लेखाचा विषय आहे. मार्च २०२० मध्ये खासगी वाहने, एस.टी., केएमटी, रिक्षा व वडाप ही सर्व वाहतूक दोन-तीन दिवसांच्या आत जवळजवळ थांबली. पुढे ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा रोखली गेली आणि नंतर वेगळ्या स्वरूपात परतली. वाहनांच्या धुरातून येणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांची या काळातील घट प्रवास थांबण्याशी थेट जोडता येते. धूलिकणांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, कारण त्यांच्या प्रमाणावर ऋतुमान, शेती, कारखाने आणि रस्त्यांची स्थिती यांचाही मोठा प्रभाव असतो. कोल्हापूरसारख्या ऊस, गूळ आणि ओतकामाच्या जिल्ह्यात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

दैनंदिन प्रवासाचे स्वरूप

कोल्हापूर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५ लाख ४९ हजार होती. शहरात दिवसा वावरणाऱ्या लोकांची संख्या याहून मोठी असते. शिवाजी विद्यापीठ व महाविद्यालये, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, न्यायालये, शाहू मार्केट यार्ड आणि अंबाबाई मंदिर यांसाठी करवीर, पन्हाळा, हातकणंगले, कागल व अन्य तालुक्यांतून लोक येतात. उलट दिशेने शहरातील कामगार शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत जातात. तेथील फौंड्री, यंत्रसामग्री व वस्त्रोद्योगातील काम घरी बसून करता येण्यासारखे नाही. मुंबई-पुण्यात ‘घरून काम’ हा महामारीतील प्रवासबदलाचा मोठा भाग होता. कोल्हापुरात प्रवास घटला तो मुख्यतः काम, शाळा व बाजार बंद राहिल्यामुळे.

पन्हाळा हे कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवरील गिरिस्थान आणि तालुक्याचे ठिकाण आहे. किल्ल्यावर नगरपरिषद, तहसील कार्यालय व न्यायालय असल्याने येथील प्रवास दोन्ही दिशांनी होतो. तालुक्यातील गावांतून लोक शासकीय कामासाठी गडावर चढतात, तर पन्हाळ्यातील विद्यार्थी व नोकरदार कोल्हापूर, कोडोली, वारणानगर या बाजूंना उतरतात. यात पर्यटकांची भर पडते. शनिवार-रविवारी आणि पावसाळी धुक्याच्या दिवसांत तीन दरवाजा, सज्जा कोठी व अंधारबाव परिसरात वाहनांची गर्दी होते.

कोल्हापूरहून पन्हाळ्याला जाणारी वाहतूक पंचगंगेवरील शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी मार्गाने केर्लीकडे आणि पुढे वाघबीळमार्गे गडाकडे जाते. एस.टी. बसगाड्या, दुचाकी, खासगी मोटारी व वडाप ही या मार्गावरील मुख्य साधने होत. वडाप म्हणजे ठरलेले वेळापत्रक नसलेली, प्रवासी भरले की सुटणारी खासगी जीप किंवा तत्सम गाडी. दक्षिण महाराष्ट्राच्या ग्रामीण प्रवासाचा मोठा भार ती वाहते, पण प्रवासी वाहतुकीच्या अधिकृत आकडेवारीत ती क्वचितच दिसते. एस.टी. किंवा केएमटीच्या प्रवाशांच्या संख्येवरून प्रवासातील घट मोजली, तर हा घटक हिशेबातून निसटतो.

टाळेबंदीचा घटनाक्रम

२२ मार्च २०२० रोजी देशभर ‘जनता कर्फ्यू’ पाळण्यात आला. महाराष्ट्र शासनाने २३ मार्चपासून राज्यात संचारबंदी लागू केली आणि एस.टी.ची प्रवासी सेवा थांबली. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. ती चार टप्प्यांत ३१ मे २०२० पर्यंत चालली. दूध, भाजीपाला, औषधे, इंधन व अन्नप्रक्रिया या अत्यावश्यक गटांना सूट होती. दुधाचे टँकर आणि शेतमालाची वाहने रस्त्यावर होती. थांबला तो प्रामुख्याने माणसांचा प्रवास. हवेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे, कारण मालवाहतुकीतील डिझेल वाहनांचे उत्सर्जन दुचाकींच्या उत्सर्जनाहून प्रमाणाने व स्वरूपाने वेगळे असते.

मे २०२० मध्ये मुंबई व पुण्याहून मोठ्या संख्येने चाकरमानी जिल्ह्यातील आपापल्या गावी परतले. हा प्रवास एकदाच झालेला होता. रोजची ये-जा त्या वेळीही बंदच होती. २२ मेपासून जिल्ह्यांतर्गत एस.टी. निम्म्या आसनक्षमतेने सुरू झाली. जूनपासून ‘पुनश्च हरिओम’ या नावाने निर्बंध शिथिल होऊ लागले. आंतरजिल्हा एस.टी. २० ऑगस्ट रोजी, खासगी वाहनांना ई-पासविना जिल्हा ओलांडण्याची मुभा २ सप्टेंबर रोजी, तर एस.टी.ला पूर्ण आसनक्षमतेने प्रवासी नेण्याची परवानगी १८ सप्टेंबर रोजी मिळाली. राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी उघडली.

दुसऱ्या लाटेत १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून ‘ब्रेक द चेन’ आदेशांखाली पुन्हा कडक निर्बंध आले. राज्यात इतरत्र जूनमध्ये शिथिलता सुरू झाली, तरी कोल्हापुरात संसर्गाचे प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिल्याने येथील निर्बंध लांबले. मंदिरे ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला पुन्हा खुली झाली.

प्रवास थांबल्याने हवेत काय बदलते

वाहनांच्या इंजिनात उच्च तापमानाला हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड बनते आणि बाहेर आल्यावर त्याचे नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. दिवसा हा वायू हवेत काही तासच टिकतो. त्यामुळे वाहतूक थांबली की त्याचे प्रमाण एक-दोन दिवसांत उतरते आणि सुरू झाली की तितक्याच लवकर चढते. प्रवासातील बदलाचा सर्वांत विश्वासार्ह निदर्शक म्हणून संशोधक याच वायूकडे पाहतात. कार्बन मोनॉक्साइडही वाहनांतून येतो, परंतु तो हवेत आठवडे ते महिने टिकतो आणि चुली, कचरा व पाचट जाळण्यातूनही मिसळत राहतो. त्यामुळे त्याची घट मंद व अस्पष्ट असते.

धूलिकणांचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात. पीएम १० मध्ये रस्त्यावरून उडालेली माती, ब्रेक व टायरची झीज आणि बांधकामाची धूळ यांचा वाटा मोठा असतो. पीएम २.५ मध्ये धुरातील काजळी असते, तसेच वायूंपासून हवेतच तयार होणारे सल्फेट, नायट्रेट व सेंद्रिय कण असतात. हे कण अनेक दिवस तरंगतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. म्हणून एखाद्या शहरातील सर्व वाहने थांबली, तरी तेथील पीएम २.५ शून्यावर येत नाही.

ओझोनचे वर्तन याच्या उलट दिसते. ताजा नायट्रिक ऑक्साइड जमिनीलगतच्या ओझोनचा नाश करतो. वाहने थांबल्यावर हा नाश कमी होतो आणि कडक उन्हाच्या दिवसांत शहरातील ओझोन वाढू शकतो. चीनमध्ये २०२० च्या आरंभी वाहतूक जवळपास बंद असतानाही उत्तरेकडील भागात दाट धूरके पडले. ‘सायन्स’ नियतकालिकात त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचे कारण दमट, स्थिर हवा, चालू राहिलेले अवजड उद्योग आणि नायट्रोजन ऑक्साइड घटल्याने वाढलेली हवेची ऑक्सिडीकरण-क्षमता यांत शोधले.

घाटरस्त्यावर उत्सर्जनाचा दर सपाटीपेक्षा जास्त असतो. चढावर इंजिनावर भार येतो, गाडी खालच्या गिअरमध्ये चालते आणि त्याच अंतराला जास्त इंधन जळते; उतरताना ब्रेकच्या झिजेचे कण निघतात. वाघबीळपासून पन्हाळ्यापर्यंतच्या अंतरात एका गाडीमागे होणारे प्रदूषण शहरातील तेवढ्याच अंतराच्या आकड्यावरून काढणे म्हणूनच योग्य होत नाही.

भारत व महाराष्ट्रातील निरीक्षणे

एप्रिल २०२० मध्ये देशातील पेट्रोलचा खप एप्रिल २०१९ च्या तुलनेत सुमारे ६० टक्क्यांनी आणि डिझेलचा सुमारे ५५ टक्क्यांनी घटला. प्रवासातील घट किती खोल होती याचा हा थेट पुरावा होय. गूगलने ३ एप्रिल २०२० पासून मोबाइलच्या स्थानांवर आधारित ‘समुदाय गतिशीलता अहवाल’ प्रसिद्ध केले. त्यांत ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा काळ तुलनेचा आधार मानला होता. कोल्हापूरच्या दृष्टीने हा आधार काहीसा फसवा आहे, कारण तो ऐन ऊसतोडणीचा व गाळपाचा काळ असतो. शिवाय ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांचा प्रवास या अहवालांत येत नाही.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या ‘सफर’ प्रणालीने टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यातच आकडे दिले. त्यांनुसार नायट्रोजनच्या ऑक्साइडांत पुण्यात ४३, मुंबईत ३८ आणि अहमदाबादेत ५० टक्के घट होती. पीएम २.५ मधील घट दिल्लीत ३० टक्के, तर पुणे व अहमदाबाद येथे १५ टक्के होती. पुण्यात वायूंची घट कणांच्या घटीच्या जवळजवळ तिप्पट होती, ही बाब लक्षणीय आहे.

देशातील २२ शहरांच्या एका अभ्यासात मात्र चित्र उलटे दिसते. शुभम शर्मा व सहकाऱ्यांनी १६ मार्च ते १४ एप्रिल २०२० या काळाची तुलना आधीच्या तीन वर्षांतील त्याच दिवसांशी केली. त्यात पीएम २.५ मध्ये ४३, पीएम १० मध्ये ३१, कार्बन मोनॉक्साइडमध्ये १० आणि नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये १८ टक्के घट, तर ओझोनमध्ये १७ टक्के वाढ आढळली. सल्फर डायऑक्साइडमध्ये नगण्य बदल होता. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. शहरे वेगळी आहेत, कालखंड वेगळा आहे (दुसऱ्यात टाळेबंदीपूर्वीचे काही दिवसही आले आहेत) आणि मागील वर्षांशी तुलना केली की त्या-त्या वर्षीच्या पावसाचा व वाऱ्याचा फरकही ‘घट’ म्हणून मोजला जातो. वृत्तपत्रांतील टक्केवारी वाचताना ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो.

दख्खनच्या पठारासाठी उपग्रहांची निरीक्षणे अधिक सूचक आहेत. एप्रिल २०२० मध्ये उत्तर भारतावरील हवेतील कणांचे प्रमाण वीस वर्षांतील नीचांकावर आल्याचे नासाने प्रसिद्ध केले. पंजाबमधील जालंधरहून धौलाधार पर्वतरांग दिसू लागल्याची छायाचित्रे याच सुमारास देशभर पसरली. त्याच वृत्तात दक्षिण भारतात मात्र तशी घट नसून काही ठिकाणी प्रमाण आधीच्या चार वर्षांपेक्षा किंचित जास्त असल्याचे नमूद होते. हवामान आणि शेतातील जाळ ही त्याची संभाव्य कारणे सांगितली गेली. उत्तरेतील निळ्या आकाशाचा अनुभव संपूर्ण देशावर लावणे चूक ठरते, ते यामुळे.

कोल्हापुरातील मापन

केंद्र शासनाने १० जानेवारी २०१९ रोजी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. राष्ट्रीय मानके सातत्याने न गाठणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत महाराष्ट्रातील पुणे, मुंबई, सोलापूर, सांगली यांच्यासह कोल्हापूरचाही समावेश आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० ची वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ ची ४० आणि नायट्रोजन डायऑक्साइडची ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक मूल्ये पीएम २.५ साठी ५ आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शहरात शिवाजी विद्यापीठ परिसर, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड येथे हवेचे मापन होत आले आहे. विद्यापीठाचा परिसर मोकळा व झाडीचा आहे. महाद्वार रोड हा अंबाबाई मंदिरालगतचा दाट बाजारपेठेचा रस्ता आहे. मंदिर व दुकाने बंद असताना प्रवासातील बदल सर्वांत स्पष्ट दिसावा असे ठिकाण महाद्वार रोड होय, कारण तेथे भाविकांची वाहने, मालाचे टेम्पो आणि फेरीवाल्यांमुळे संथ होणारी दुचाकींची रांग हे तिन्ही एकाच वेळी थांबले.

या कार्यक्रमातील मापन हस्तचलित असते. आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकी २४ तास यंत्र चालवून हवा गाळणकागदातून ओढली जाते. कागदाचे आधीचे व नंतरचे वजन घेऊन धूलिकण ठरवतात आणि वायूंसाठी रासायनिक द्रावण वापरतात. अशी वर्षाला १०४ निरीक्षणे अपेक्षित असतात. वार्षिक सरासरी काढण्यासाठी ही पद्धत पुरेशी असली, तरी प्रवासबदलाच्या अभ्यासाला ती तोकडी पडते. सकाळी नऊ ते अकरा आणि सायंकाळी सहा ते आठ या गर्दीच्या वेळांतील चढ २४ तासांच्या सरासरीत बुजतो. कागद बदलण्यासाठी व द्रावणे प्रयोगशाळेत नेण्यासाठी माणसाने केंद्रावर जावे लागते आणि संचारबंदीत नेमके तेच कठीण होते. या पद्धतीत ओझोनचे नियमित मापन नसल्याने त्याची वाढही हाती लागत नाही. पुणे व मुंबईत दर तासाला नोंद करणारी स्वयंचलित केंद्रे होती; टाळेबंदीवरील बहुतेक संशोधन अशा शहरांभोवती फिरते, याचे हे साधे कारण आहे.

युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘सेंटिनेल-५पी’ उपग्रहावरील ट्रोपोमी हे उपकरण नायट्रोजन डायऑक्साइडचे मापन करते. ऑगस्ट २०१९ पासून त्याची एक चौकट सुमारे साडेपाच गुणिले साडेतीन किलोमीटरची आहे. कोल्हापूर शहर अशा काही चौकटींत मावते, परंतु पन्हाळ्याचा माथा, पायथ्याची उसाची शेते आणि राज्यमार्गाचा तुकडा एकाच चौकटीत मिसळतात. शिवाय उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातो, म्हणजे गर्दीच्या दोन्ही वेळा टळतात.

ऊस, गूळ आणि ऋतुमान

कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा चालतो. या काळात ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्यांनी ऊस कारखान्याकडे जातो, बॉयलरमध्ये उसाचे चिपाड जळते आणि तोडणीनंतर अनेक शेतांत पाचट पेटवले जाते. पन्हाळा व करवीर तालुक्यांत गुऱ्हाळे आहेत. तेथे रस आटवण्यासाठी चुलाण्यात चिपाडच जाळतात. टाळेबंदी सुरू झाली तेव्हा हंगाम आटोपत आला होता. मार्चमधील हवेशी एप्रिल-मेच्या हवेची तुलना केली, तर प्रवास थांबणे आणि गाळप संपणे या दोन्ही घटना एकमेकींवर पडतात. फौंड्री बंद राहण्याचा परिणामही याच आठवड्यांतला.

हवामान हा तिसरा घटक. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगत गार हवेचा थर बसतो आणि त्यावर उबदार हवेचे झाकण पडल्यासारखे होते. याला तापमान विपर्यय म्हणतात. पंचगंगेच्या खोऱ्यातील धूर अशा सकाळी वर जात नाही. मार्चपासून ऊन वाढते, हवा उंचवर ढवळली जाते, पश्चिमेचा वारा सुरू होतो आणि मधूनच वळीव पडतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये हवा जानेवारीपेक्षा नैसर्गिकरीत्याच स्वच्छ असते. जूननंतरचा पाऊस तर धूलिकण धुऊनच काढतो. कोल्हापूरकरांना वाहतूक ठप्प होण्याचा अनुभव नवा नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद होता. परंतु भर पावसातील त्या बंदीचा हवेवरील परिणाम वेगळा काढणे जवळजवळ अशक्य आहे.

हवामानाचा वाटा वजा करण्यासाठी संशोधक संगणकीय प्रारूपे वापरतात. तापमान, वारा, आर्द्रता व पाऊस तेच असते आणि टाळेबंदी नसती, तर हवा कशी असती, हे मागील वर्षांच्या नोंदींवरून काढून प्रत्यक्ष मापनाशी ताडले जाते. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे झोंगबो शी व सहकाऱ्यांनी दिल्लीसह जगातील ११ शहरांवर असे काम करून २०२१ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध केले. टाळेबंदीमुळे झालेला बदल अचानक होता, पण साध्या तुलनेतून वाटतो त्यापेक्षा लहान होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याआधी २०२० मध्ये ३४ देशांच्या नोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासात हवामानाची दुरुस्ती करूनही नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये सुमारे ६० आणि पीएम २.५ मध्ये सुमारे ३१ टक्के घट आढळली होती.

भारतात आणखी एक योगायोग घडला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ उत्सर्जन मानके लागू झाली आणि इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. नवी वाहने त्या महिन्यात जवळजवळ विकलीच गेली नाहीत, पण पंपांवरील इंधन बदलले होते. त्यामुळे २०२० नंतरच्या वर्षांची २०१९ शी तुलना करताना रस्त्यावरील गाड्यांची संख्या तेवढीच असली, तरी प्रत्येक गाडीचा धूर तोच राहिला आहे असे धरता येत नाही.

पन्हाळा व जोतिबा

पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. हिवाळ्यातील विपर्ययाच्या वेळी गडमाथा बहुधा धुराच्या थराच्या वर राहतो. दुपारी हवा ढवळली गेली की खालचा धूर विरळ होऊन वर पोहोचतो. म्हणून पन्हाळ्याच्या हवेवर दोन वेगळ्या प्रवासांचा परिणाम होतो. एक गडावर येणाऱ्या वाहनांचा, जो अरुंद रस्ते, वाहनतळ आणि तटबंदीच्या आतील वस्तीत स्थानिक स्वरूपाचा असतो. दुसरा कोल्हापूर व पायथ्याच्या गावांतील वाहतुकीचा, जो पार्श्वभूमी ठरवतो. टाळेबंदीत दोन्ही एकाच वेळी थांबले. पर्यटन पूर्ण बंद राहिल्याने हॉटेले, खाद्यपदार्थांच्या गाड्या व मार्गदर्शक यांचे उत्पन्नही बंद झाले. स्वच्छ हवेची ही बाजू हवेच्या आलेखांत दिसत नाही, पण पन्हाळ्यासारख्या छोट्या गावात ती सर्वांत आधी जाणवते.

पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथे जोतिबाचे देवस्थान आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र व कर्नाटकातून लाखो भाविक सासनकाठ्यांसह डोंगरावर येतात. दोन दिवसांत एका डोंगरी रस्त्यावर एवढी वाहने चढणे ही जिल्ह्याच्या वर्षातील सर्वांत केंद्रित प्रवासघटनांपैकी एक होय. २०२० ची यात्रा ८ एप्रिलच्या सुमारास होती. ती आणि २०२१ ची यात्राही रद्द होऊन विधी मोजक्या पुजारी-मानकऱ्यांच्या उपस्थितीत झाले. वाहनांच्या परिणामाचा अभ्यास करण्यासाठी ‘यात्रा असलेले वर्ष’ आणि ‘यात्रा नसलेले वर्ष’ ही तुलना शहरातील कोणत्याही तुलनेपेक्षा सोपी ठरली असती: ठिकाण एकच, तिथी ठरलेली, आसपास कारखाना नाही. शहरातील तिन्ही केंद्रांपासून हा डोंगर दूर आहे, ही त्यातील अडचण.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता खचला आणि वाहनांसाठी बंद झाला. महामारीचे निर्बंध सैल होत असताना गडावरील वाहतूक या दुसऱ्या कारणाने पुढे अनेक महिने रोखली गेली. त्यामुळे पन्हाळ्यापुरता ‘टाळेबंदीनंतरचा’ काळ कोल्हापूरच्या तुलनेत उशिरा सुरू झाला असे मानावे लागते.

निर्बंध उठल्यानंतर

हवेतील सुधारणा प्रवास परतताच ओसरली. जगातील कार्बन डायऑक्साइडचे दैनिक उत्सर्जन एप्रिल २०२० च्या आरंभी २०१९ च्या सरासरीपेक्षा १७ टक्क्यांनी खाली गेले होते आणि त्यातील जवळजवळ निम्मी घट रस्ते व भूपृष्ठ वाहतुकीतील होती. तीही टिकली नाही.

अधिक दूरगामी बदल प्रवासाच्या साधनांत झाला. सप्टेंबर २०२० मध्ये देशातील पेट्रोलची विक्री मागील वर्षीच्या सप्टेंबरच्या पुढे गेली, डिझेलची मात्र तेव्हाही मागे होती. पेट्रोल हे मुख्यतः दुचाकी व खासगी मोटारींचे इंधन आहे. संसर्गाच्या भीतीने लोक बस व रेल्वेऐवजी स्वतःच्या वाहनाकडे वळल्याचा हा परिणाम मानला गेला. मुंबईत उपनगरी गाड्या सर्वसामान्यांसाठी १ फेब्रुवारी २०२१ रोजी ठरावीक वेळांत उघडल्या, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाल्या आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांना खुल्या झाल्या. तोवर अनेकांना रस्त्यानेच जावे लागले.

कोल्हापूर भागात या बदलाला एस.टी.च्या संपाची जोड मिळाली. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाने कामावर परतण्यासाठी २२ एप्रिलची मुदत देईपर्यंत चालला. शाळा-महाविद्यालये उघडत असताना तालुक्यांतील विद्यार्थ्यांना वडाप किंवा दुचाकीचा आधार घ्यावा लागला. पन्नास प्रवासी नेणाऱ्या एका बसच्या जागी वीस-पंचवीस दुचाकी किंवा पाच-सहा जीपगाड्या रस्त्यावर आल्या, तर प्रतिप्रवासी इंधन व उत्सर्जन वाढते. याचा अर्थ प्रवासी पूर्वीइतकेच राहूनही हवा पूर्वीपेक्षा वाईट होऊ शकते. टाळेबंदीवरील बहुतेक अभ्यास २०२० च्या उन्हाळ्यापाशी थांबतात आणि हा भाग त्यांत येत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने काही आठवड्यांची घट आणि वर्षानुवर्षांचा संसर्ग यांत फरक करावा लागतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतातील १६ लाख ७० हजार मृत्यू हवा प्रदूषणाशी निगडित होते, यात घरातील चुलीच्या धुराचाही समावेश आहे. टाळेबंदीत रस्त्यावरचा धूर कमी झाला, तरी चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घरांत लोक दिवसभर घरातच राहिल्याने त्यांच्या वाट्याला आलेला धूर कमी झाला असे गृहीत धरता येत नाही.